उटीची वनस्पती बाग: गोव्यातून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

उटीला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, बोटॅनिकल गार्डन बघितलं का? उत्तर हमखास 'हो' येतं. मग विचारा, काय बघितलं? फुलं, हिरवळ, भारताचा फुलांचा नकाशा आणि गर्दी. टॅक्सीवाल्याने दिलेल्या पाऊण तासात याहून जास्त काही हाती लागत नाही.

माझं म्हणणं इतकंच की ही बाग फुलांसाठी बघायची नाही, झाडांसाठी बघायची. फुलांचे वाफे दर हंगामाला बदलतात. झाडं दीडशे वर्षांपासून तिथे उभी आहेत, आणि निलगिरीच्या डोंगरावर चहा कसा आला, औषधी सालीचा सिंकोना कसा आला, गाजर-बटाटे कसे आले याची गोष्ट त्यांच्याजवळ आहे. आपल्याकडचा काजू ब्राझीलहून पोर्तुगिजांच्या जहाजांतून आला आणि गोव्याचाच होऊन गेला. तसेच कितीतरी पाहुणे इथे आधी बागेत रुजले आणि मग डोंगरभर पसरले. हे डोक्यात ठेवून गेलात तर अख्खी सकाळ कमी पडेल.

आधी महिना ठरवा

गोव्यातली शाळकरी घरं मे महिन्यातच बाहेर पडतात. नेमका तोच महिना उटीत टाळण्यासारखा. बागेतलं वार्षिक पुष्पप्रदर्शन मे महिन्यात असतं आणि निम्मा दक्षिण भारत तेव्हा उकाड्याला कंटाळून वर चढतो. प्रदर्शनच बघायचं असेल तर जरूर जा, हजारो कुंड्यांची मांडणी खरोखर देखणी असते. पण तेव्हा झाडाखाली उभं राहून पाटी वाचायला कुणी देणार नाही, मागून धक्का येतो.

सप्टेंबर बरा. स्थानिक लोक त्याला 'सेकंड सीझन' म्हणतात, तेव्हा वाफे पुन्हा भरलेले असतात. चवथ आटोपली की गोव्यातून निघायला सोयीचंही पडतं. पावसाची भीती बाळगू नका. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, उटी शहरात त्याच्या निम्म्याहूनही कमी. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर मात्र ईशान्य मोसमी पावसाचे. आपल्याकडे दिवाळीचे कंदील लागलेले असतात तेव्हा तिथे दरडी कोसळून घाटातली छोटी रेल्वे बंद पडू शकते.

जानेवारी-फेब्रुवारीत आकाश निरभ्र असतं, गर्दी कमी असते आणि थंडी कडक असते. पहाटे गवतावर दव गोठून पांढरा थर बसतो. फुलं कमी दिसतील, झाडं मात्र स्वच्छ उन्हात दिसतील. मला विचाराल तर हेच दिवस.

पोचायचं कसं

रेल्वेने जायचं तर मडगावहून कोइम्बतूरला थेट गाड्या आहेत, पण आठवड्यातून मोजक्याच. त्या जुळल्या नाहीत तर रोजची नेत्रावती किंवा मंगला पकडून शोरणूरला उतरायचं. तिथून पालघाटमार्गे कोइम्बतूरकडे गाड्या भरपूर. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू धावतात आणि सुटण्याच्या वेळा मागेपुढे होतात. पुढची जोडगाडी धरायची असेल तर मध्ये चांगले चार-पाच तास मोकळे ठेवा.

कोइम्बतूरहून मेट्टुपाळयम. इथे मुक्काम करा, कारण डोंगरावर जाणारी छोटी गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते. तिचं तिकीट मिळालं तर सोडू नका, आणि मिळायला हवं असेल तर आरक्षण उघडताच करा. ४६ किलोमीटरला जवळपास पाच तास लागतात. घाईतल्या माणसाने बस घ्यावी, ती निम्म्या वेळात पोचवते. पण कल्लार ते कुन्नूर या चढावर दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे. इंजिनाचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकत अडकत गाडीला वर ढकलतं. बारा फूट पुढे गेलं की एक फूट वर, इतका खडा चढ. कुन्नूरपर्यंतचा मार्ग १८९९ मध्ये सुरू झाला, उटीपर्यंत गाडी १९०८ मध्ये पोचली आणि २००५ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. वनस्पती बघायला निघालेल्यासाठी या प्रवासाचा खरा फायदा वेगळाच आहे. खाली पोफळी आणि केळी, मग दाट जंगल, मग चहा, आणि शेवटी निलगिरी व पाईन. उंची वाढते तसं झाडोऱ्याचं रूप कसं पालटतं ते खिडकीतून बसल्या बसल्या दिसतं.

स्वतःच्या गाडीने जाणारे बहुधा हुबळीमार्गे म्हैसूर गाठतात आणि तिथून गुंडलुपेट, बंदीपूर, गुडलूर असे वर चढतात. लक्षात ठेवा, बंदीपूरच्या जंगलातून रात्री ९ ते सकाळी ६ खासगी गाड्यांना मनाई आहे. म्हैसूरला रात्र काढून पहाटे निघालं की प्रश्न मिटतो. चोर्ला आणि अनमोड घाट रोजचे असणाऱ्यांना गुडलूर-उटी रस्ता जड जाणार नाही. मसिनगुडीहून चढणारा कल्हट्टीचा घाट मात्र जवळचा दिसला तरी नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ३६ केसाच्या आकड्यासारखी वळणं आहेत आणि चढ अंगावर येणारा.

दोन नियम, जे नाक्यावर आठवले तर उशीर होतो

पहिला ई-पास. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून निलगिरी जिल्ह्यात बाहेरून येणाऱ्या गाड्यांना तमिळनाडू सरकारच्या संकेतस्थळावरून ई-पास काढावा लागतो. जीए पाटीची गाडी असेल तर घरूनच काढा. एप्रिल ते जून या हंगामात रोजच्या गाड्यांच्या संख्येवर मर्यादाही घातली गेली आहे, तेव्हा उन्हाळ्यात आयत्या वेळी पास मिळेलच असं धरून चालू नका. सरकारी बसने किंवा रेल्वेने जाणाऱ्याला ही कटकट नाही.

दुसरा प्लास्टिकचा. पाण्याच्या नेहमीच्या लिटर-दोन लिटरच्या बाटल्या, पिशव्या, एकदाच वापरायचे पेले, ताटल्या, सगळं जिल्ह्यात बंद. नाक्यांवर तपासणी होते आणि दंड लागतो. घरून स्टीलची बाटली न्या, रस्त्यावर पाण्याची यंत्रं आहेत, नाणं टाकलं की भरून मिळते. प्रवासासाठी बांधलेली पोळी-भाजीसुद्धा डब्यात न्या, पातळ पिशवीत नको.

बॅगेत काय

गोवेकराच्या कपाटात खरा स्वेटर असतोच असं नाही. उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटरवर आहे. मे महिन्यातही दुपारचं तापमान २२-२३ अंशांच्या आसपास आणि संध्याकाळी त्याच्या बरंच खाली. एक जाड जाकीट घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घ्या, दुपारी ऊन चटकतं तेव्हा काढता येतात. कानटोपी, मोजे. चप्पल नको, बागेतलं गवत सकाळी ओलं असतं आणि वरच्या भागातल्या पायवाटा घसरड्या. वळणांचा त्रास होणाऱ्यांनी गोळी घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

आणखी एक छोटी वस्तू: भिंग. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग शाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना फोनपासून दूर ठेवायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

बागेत शिरल्यावर

बाग सकाळी सातला उघडते. आठच्या आत आत असा. साडेदहापासून सहलीच्या बसगाड्या ओततात. चेरिंग क्रॉस चौकापासून चालत जाता येतं, रिक्षेसाठी हुज्जत घालण्याची गरज नाही. तिकीट फाटकावरच, कॅमेऱ्याचं वेगळं.

क्षेत्रफळ सुमारे २२ हेक्टर, पण सपाट नाही. दोड्डबेट्टा या २६३७ मीटर उंच शिखराच्या पायथ्याच्या उतारावर ती पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेली आहे, आणि फाटकापासून वरच्या टोकापर्यंत दीडशे-दोनशे मीटरचा तरी चढ आहे. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना खालच्या हिरवळीवरच बाकावर बसवा, त्यांना तिथे उत्तम वेळ जातो. बाकीच्यांनी उलटी युक्ती करावी: सगळे खाली फोटो काढत असतात तेव्हा आधी वर चढायचं आणि ऊन वाढलं की उतरत उतरत बघायचं.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय झाडं मुकी राहतात. १८४० च्या दशकात इथल्या युरोपीय रहिवाशांनी वर्गणी काढून ताज्या भाजीसाठी मळा सुरू केला होता. तो चालेना. मग इंग्लंडच्या क्यू उद्यानात काम केलेला विल्यम ग्रॅहम मॅकायव्हर हा माळी १८४८ मध्ये आला आणि त्याने दलदलीच्या, झाडोऱ्याने भरलेल्या या उतारावर बाग आखली. पुढे १८६० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून क्लेमेंट्स मार्कहॅमने आणवलेल्या सिंकोनाची रोपं वाढवण्याचं कामही त्याच्याच देखरेखीखाली झालं. सिंकोनाच्या सालीपासून क्विनाइन, म्हणजे त्या काळी मलेरियावरचा एकमेव खात्रीचा इलाज. मलेरियाने गावंच्या गावं खंगलेली ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिली, त्या आपल्या भागातल्या लोकांना या सालीचं मोल सांगायला नको.

आता पाट्या. प्रत्येक झाडापाशी असेल असं नाही, पण जिथे आहे तिथे तीन गोष्टी वाचा: शास्त्रीय नाव, कुळ, मूळ देश. पहिले दहा-बारा मूळ देश वाचले की चित्र स्पष्ट होतं: ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, चीन, जपान. इथली मूळची झाडं बागेत शोधावी लागतात. डोंगराची मूळची वनराई म्हणजे शोला, खोलगट जागी दाटलेलं ठेंगणं जंगल आणि भोवती मोकळं गवत. त्यातलं बरंचसं गवत निलगिरीची झाडं, वॅटल (ऑस्ट्रेलियातून आलेलं झाड) आणि चहा यांच्या लागवडीखाली गेलं.

चार गोष्टी चुकवू नका. अरौकेरिया, ज्याला इंग्रज 'माकडाला कोडं' म्हणत. पानं इतकी टोकदार की माकडालाही चढता येऊ नये. बोट लावून बघा, हलकेच. दुसरं कागदी सालीचं झाड. थरावर थर सुटलेली, दाबली की स्पंजासारखी दबणारी साल. ओरबाडू नका, आधीच्या पाहुण्यांनी हात पोचेल तिथवर खोड उघडं केलेलं दिसेल. तिसरी गोष्ट एके काळी झाड होती, आता दगड आहे: सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षाचं अश्मीभूत खोड. लाकडाच्या पेशींच्या जागी खनिज भरत जाऊन ते दगड झालं, तरी रेषा लाकडाच्याच राहिल्या. भिंग इथे काढा. चौथी म्हणजे काचघर आणि नेचे, म्हणजे फर्न. मोठे नेचे पाहून नवल वाटणार नाही, पावसाळ्यात सत्तरीच्या ओढ्याकाठी आपल्यालाही भरपूर दिसतात. पण पान उलटं करून मागचे तपकिरी ठिपके कितीजणांनी नीट पाहिलेत? त्या बीजाणूंच्या पुड्या. प्रत्येक जातीत त्यांची रांग वेगळी, काहींत कडेला, काहींत शिरेला चिकटून.

बागेच्या वरच्या अंगाला तोडा या निलगिरीतल्या आदिवासी समाजाची छोटी वस्ती आहे, तिला 'मंद' म्हणतात. अर्धगोल छपराचं पारंपरिक घर आणि त्याचं बुटकं दार बघायला लोक जातात. ती माणसांची राहती जागा आहे, प्रदर्शनातली वस्तू नव्हे. विचारल्याशिवाय फोटो नको, देवळासारख्या दिसणाऱ्या वास्तूच्या जवळ जायचं नाही. पांढऱ्या कापडावर लाल-काळ्या धाग्यांचं त्यांचं भरतकाम विकत मिळालं तर थेट बायकांकडून घ्या. त्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

आपल्या मंडळींना एक सूचना, थोडी कडू. एखादी फांदी 'लागते का बघूया' म्हणून पर्समध्ये घालायची सवय कोकण-गोव्यात घरोघरी आहे आणि शेजारणीच्या परसात ती चालतेही. इथे चालत नाही. रोप हवंच असेल तर विक्री केंद्रातून घ्या. पण काय घेता ते बघा: फ्युशिया, थंडीतला बिगोनिया, सिनेरारिया हे एप्रिलच्या दमटपणात फोंड्याला तग धरत नाहीत. पैसे जातात आणि जीवही.

चहा बघायचा तर पान हातात घ्या

बागेतून निघाल्यावर बहुतेक लोक दोड्डबेट्टा रस्त्यावरच्या चहाच्या संग्रहालयात जातात. गर्दी असते, पण यंत्रं चालू दिसतात आणि शेवटी पेलाभर चहा मिळतो. नवख्याने जायला हरकत नाही. फक्त त्याआधी मळ्याच्या कडेला थांबून झुडूप नीट बघा, परवानगीने.

चहा हे मुळात झाड आहे, छाटलं नाही तर चांगलं उंच वाढतं. कमरेइतकं सपाट राखतात ते खुडणीसाठी. टोकाची मिटलेली कळी आणि तिच्याखालची दोन पानं, एवढंच खुडायचं. कळीवर भिंग धरा, बारीक रुपेरी लव दिसेल. खालचं जून पान कातडीसारखं, कडेला दातेरी. छाटणीतून सुटलेल्या फांदीवर पांढरं, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका असलेलं फूल सापडेल. ते पाहिलं की बागेतल्या कॅमेलियाशी त्याचं नातं लगेच ओळखू येतं, दोन्ही एकाच प्रजातीगटातले. मळ्यात मध्येमध्ये उभी असलेली उंच, नेच्यासारख्या पानांची झाडं म्हणजे सिल्व्हर ओक. ऑस्ट्रेलियातून आलेली, चहाला विरळ सावली देणारी. त्यांच्यावर मिरीचे वेल चढवलेले दिसले तर आपल्या कुळागराची आठवण होणारच.

चहाला डोंगरच लागतो असं नाही, आसामचे मळे ब्रह्मपुत्रेच्या सपाट खोऱ्यात आहेत. उंचीवर पान सावकाश वाढतं आणि सुगंध वेगळा येतो, एवढाच फरक. कारखान्यात पानं आधी हवेच्या झोतात सुकत ठेवतात, बारा तासांहून जास्त. मग दोन वाटा. एकीत पान वळतात, अखंड ठेवण्याचा प्रयत्न करत: हा ऑर्थोडॉक्स. दुसरीत दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून गोळ्या करतात: हा सीटीसी, आपल्या घरच्या दुधाच्या चहाचा. मग हवेशी संयोग होऊन हिरवं तांबूस होतं, आणि गरम हवेत वाळवलं की काम झालं. चार-साडेचार किलो ओल्या पानातून एक किलो चहा. मळ्यांना रविवारी सहसा सुट्टी असते, तेव्हा खुडणी बघायची तर दुसरा वार धरा. खुडणाऱ्या बायकांमध्ये श्रीलंकेतून १९६४ च्या भारत-श्रीलंका (शास्त्री-सिरिमावो) कराराने परत आलेल्या तमिळ कुटुंबांतल्या बऱ्याच आहेत. त्यांच्या पाठीवरच्या टोपलीचा फोटो काढण्याआधी नमस्कार तरी करा.

कुन्नूर-कोटगिरीच्या बाजूला मळ्यात गवे उतरतात. गवा आपला राज्यप्राणी असला तरी ओळख दाखवायला जवळ जाऊ नका.

एक दिवस हातात असेल तर कुन्नूरचं सिम्स पार्क बघा. १८७४ मधलं, उटीच्या बागेच्या निम्म्या आकाराचं, दरीत उतरत जाणारं. मला ते उटीपेक्षा आवडतं. शांत आहे, झाडं जवळून बघता येतात आणि उंची कमी असल्याने थंडीही सोसवते.

चहा विकत घेताना आणि घरी ठेवताना

चॉकलेट, व्हॅनिला, वेलची लावलेल्या रंगीत पुड्यांपासून लांब राहा. साधा ऑर्थोडॉक्स शंभर ग्रॅम आणि दुधाच्या चहासाठी डस्ट अर्धा किलो, एवढं पुरे. डस्ट म्हणजे गाळसाळ नव्हे, सर्वांत बारीक कण. झटकन उतरते, रंग गडद. ऑर्थोडॉक्स दुधात उकळू नका, उकळी आलेल्या पाण्यात तीन-चार मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. पाकिटावर पॅकिंगची तारीख बघा, चहा बोर्डाचं निलगिरीचं बोधचिन्ह बघा.

परतीच्या बॅगेत चहा निलगिरीच्या तेलाच्या बाटलीशेजारी ठेवू नका, वास लागलेला मग जात नाही. घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. मसाल्याच्या फळीवर नको, आणि पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या सुक्या बांगड्यांच्या, सुंगटांच्या खोलीत तर मुळीच नको. जूनमध्ये हवेतला दमटपणा डब्यात शिरतो म्हणून आठवड्यापुरता चहा वेगळ्या छोट्या डबीत काढा, मोठा डबा रोज उघडू नका.